दुपार मोकळी ठेवा

परीक्षा संपत आल्या की आमच्या सोलापुरात भेटेल तो विचारतो, "यंदा सुट्टीत कुठं?" उत्तरंही ठरलेली. महाबळेश्वर, मनाली, ऐपत असेल तर युरोप. उन्हातून उठायचं आणि थंडीत जाऊन बसायचं. मी आणि माझी मैत्रीण ऐन मे महिन्यात पाठीवर पिशव्या टाकून कंबोडियाला निघालो, तेव्हा घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. दोघींनी पन्नाशी ओलांडलेली, दोघी शिक्षिका. ती भूगोलाची, मी इतिहासाची. "इथलं ऊन पुरलं नाही का?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की त्याचं उत्तर एकदा नीट लिहावं असं वाटलं.

शिक्षकांना आणि शाळकरी मुलांच्या आईवडिलांना सलग मोठी सुट्टी मिळते ती उन्हाळ्यातच. आपल्या खिशाला झेपणारे परदेश म्हणजे कंबोडिया, लाओस, थायलंड, श्रीलंका. तिथंही तेव्हा उकाडाच असतो. ऊन टाळूनच परदेश बघायचा म्हटलं, तर आपल्यापैकी अनेकांना तो कधीच बघायला मिळणार नाही. तेव्हा विचार करायचा तो उन्हात कसं फिरावं याचा. त्याबाबत माझं मत पक्कं आहे. उष्ण देशात चाळीस जणांच्या घोळक्यानं, गार बसमधून, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असं फिरू नये. दोघांनी जावं, पाठीला पेलेल एवढंच सामान न्यावं आणि दुपार पूर्ण मोकळी ठेवावी.

आधी तिथल्या उन्हाविषयी. सोलापूरचा पारा मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, पण आपलं ऊन कोरडं. अंगावर आलेला घाम लगेच उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. कंबोडियात पारा आपल्यापेक्षा पाच-सहा अंशांनी खाली असतो, मात्र हवा दमट. घाम येतो आणि अंगावरच राहतो. सदतीस अंशांत तिथं जी काहिली होते ती सोलापूरच्या त्रेचाळीसमध्ये होत नाही. आपण उन्हातली माणसं, आपल्याला काय होणार, या भरवशावर कोणी जाऊ नये. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, घामावाटे गेलेलं मीठही भरून काढावं लागतं. ओआरएसची पाकिटं आमच्या पिशवीत सर्वात वरच्या कप्प्यात होती.

आता अंगकोर वाटची गोष्ट. सूर्यवर्मन दुसरा या राजानं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधायला घेतलेलं हे विष्णूचं देऊळ. भोवतीचा खंदक जवळजवळ दोनशे मीटर रुंद आहे. आतला पसारा इतका मोठा की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायचं म्हणजे चांगली रपेट होते. हे देऊळ पहाटे पाचला उघडतं. पण पर्यटकांच्या बसगाड्या येतात त्या हॉटेलातला भरपेट नाश्ता उरकून, नऊ-साडेनऊला. तोवर दगड तापायला लागलेला असतो. अकरा-साडेअकराच्या सुमाराला तिथं जे दृश्य दिसतं ते पाहून मला खरंच वाईट वाटलं. आपलीच माणसं, डोक्यावर एकसारख्या टोप्या, हातात कोमट झालेल्या पाण्याच्या बाटल्या. झेंडा धरलेल्या मार्गदर्शकामागून पाय ओढत चाललेली. त्यातल्या एक काकू ओवरीच्या पायरीवर बसल्या होत्या. मराठी ऐकून मला म्हणाल्या, "अहो, आत अजून बघायचं काही राहिलंय का? नसेल तर मी इथंच थांबते." एवढ्या लांब येऊन, एवढे पैसे मोजून त्या माउलीला देवळाची भिंतसुद्धा बघावीशी वाटत नव्हती. यात त्यांचा काय दोष? त्यांना तिथं त्या वेळी आणून उभं करणाऱ्या वेळापत्रकाचा आहे.

त्याच देवळात पहाटे काय असतं ते सांगते. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे सूर्य शिखरांच्या मागून उगवतो आणि लवकर उठणारी बहुतेक मंडळी समोरच्या तळ्याकाठी कॅमेरे घेऊन उभी राहतात. आम्ही तिथं थोडा वेळ थांबलो आणि गर्दी तळ्याकाठी असतानाच देवळातून आरपार चालत मागच्या, पूर्वेच्या ओवरीत गेलो. तिथं दक्षिणेकडच्या अर्ध्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलेलं आहे, सुमारे एकोणपन्नास मीटर लांब. ही भिंत पूर्वेला तोंड करून असल्यामुळे उगवतीची तिरपी किरणं खांबांमधून थेट तिच्यावर पडतात. आम्ही दोघी आणि झाडू मारणारी एक बाई, एवढ्याच होतो.

डावीकडे ब्याण्णव असुर, उजवीकडे अठ्ठ्याऐंशी देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म, वर अप्सरांची रांग. ओळीतला प्रत्येक जण वासुकीला घट्ट धरून, एकाच लयीत मागं झुकलेला. शेपटीच्या टोकाला एक वानर आहे, त्याला कोणी हनुमान म्हणतात, कोणी सुग्रीव. हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. पुस्तकातल्या चित्रात कधी नीट दिसलं नाही ते खालच्या पट्टीत होतं. मासे, मगरी, पाण्यातले चित्रविचित्र प्राणी कडेला शांतपणे पोहताहेत, पण जसजसं रवीच्या जवळ जावं तसतशी त्यांची खांडोळी झालेली. एका माशाचं डोकं एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. समुद्र किती जोरानं घुसळला जातोय हे त्या कारागिरानं माशांच्या तुकड्यांतून दाखवलं आहे. अमृताच्या गोष्टीत बिचाऱ्या माशांचं काय झालं असेल, हा विचार इतकी वर्षं ही गोष्ट वर्गात सांगूनही माझ्या मनात आला नव्हता. आमच्या भूगोलाच्या बाई त्या पट्टीसमोर उकिडव्या बसून एकेक प्राणी ओळखत होत्या. आम्ही तिथं हवा तेवढा वेळ काढला. हाकलायला कोणी नव्हतं आणि ऊन अजून कोवळं होतं.

अंगकोर परिसरातल्या देवळांच्या तिकिटाची रचनाही सावकाश बघणाऱ्याला सोयीची आहे. एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. तीन दिवसांचं तिकीट सलगच वापरायला हवं असं नाही. दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतात. म्हणजे एक दिवस देवळं, एक दिवस विसावा, पुन्हा देवळं. घाईनं एका दिवसात अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोम ही देवळं उरकणाऱ्या सहलींना हे तिकीट परवडत नाही, कारण त्यांना चौथ्या दिवशी दुसऱ्या देशात पोचायचं असतं. परवडतं ते आपल्या मनानं हिंडणाऱ्याला.

दोघांनीच का जावं, याचं खरं उत्तर मला ता केओच्या पायऱ्यांवर मिळालं. ता केओ हे अर्धवट राहिलेलं देऊळ. कोरीवकाम जवळपास नाही. उंच, उघडा, दगडी डोंगरच म्हणा. पायऱ्या इतक्या उभ्या की हात टेकत चढावं लागतं आणि सावलीचं नाव नाही. साडेनऊ वाजले असतील. मैत्रीण वरून खाली आली, माझ्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "पाण्याची बाटली तुझ्याकडे आहे ना?" मी हो म्हटलं. दोन मिनिटांनी तिनं तेच, त्याच शब्दांत पुन्हा विचारलं. चेहरा लालबुंद, आवाजात उगाच चिडचिड. "चल, पुढचं देऊळ उरकून टाकू," असा तिचा हट्ट. मी तिला हाताला धरून झाडाखाली नेलं, पंचा भिजवून मानेवर टाकला, ओआरएस पाजलं आणि रिक्षावाल्या दादाला बोलावून सरळ खोली गाठली. तिला संध्याकाळपर्यंत काही कळलंच नव्हतं की आपलं बिनसलं होतं.

उन्हाचा तडाखा असाच असतो. तो आधी माणसाची समज घेतो. ज्याला ऊन लागतं त्याला वाटतं मी ठीक आहे, आणखी थोडं चालतो. ते ओळखायला शेजारी असं माणूस लागतं ज्याला तुमचा रोजचा आवाज ठाऊक आहे. एकट्यानं फिरणाऱ्याला ते मिळत नाही. आणि चाळीस जणांच्या सहलीत मार्गदर्शक डोकी मोजतो. कोणाच्या आवाजात काय फरक पडलाय हे त्याला कसं कळणार? आम्ही निघतानाच एक करार केला होता. दोघींपैकी एकीनं "बास" म्हटलं की बास, कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. ता केओला तो करार कामी आला.

दुपार मोकळी ठेवायची म्हणजे फुकट घालवायची, असं काहींना वाटतं. इतके पैसे खर्चून गेलो आणि दुपारभर झोपलो? हो, झोपावं. तिथली माणसं तेच करतात. ख्मेर खेड्यातली घरं खांबांवर उभी असतात आणि घराखालच्या सावलीत झोळ्या बांधलेल्या असतात. पहाटे पाचला बाजार भरतो, सहाला भाताची पेज आणि तांदळाच्या शेवया खाऊन लोक कामाला लागतात. बारा वाजले की गाव त्या झोळ्यांमध्ये जातं. चारनंतर पुन्हा जाग येते. शेकडो वर्षं त्या हवेत राहिलेल्या लोकांनी दिवसाची घडी अशी बसवली आहे. पाहुण्यानं ती मोडायला जाऊ नये. सोलापुरात माझे आजोबा असंच जगले. दुपारी दुकान बंद, दारावर वाळ्याचा पडदा. आपण ती रीत कार्यालयांच्या वेळांपायी सोडली. सुट्टीत तरी ती पाळायला कोणाची आडकाठी आहे?

शिवाय दुपारी नुसती झोपच होते असं नाही. बांते स्रेईच्या रस्त्यावर प्रेह डाक नावाचं गाव लागतं. बांते स्रेई म्हणजे ९६७ सालचं, गुलाबी वालुकाश्मातलं लहानसं देऊळ, ज्याच्या कोरीवकामापुढे मला अंगकोर वाटही थोडं भडक वाटलं. ते सकाळी बघून परतताना ऊन चढलं आणि आम्ही प्रेह डाकला एका छपराखाली थांबलो. तिथं एक बाई मोठ्या कढईत ताडाचा रस आटवत होती. मडक्यातून रस ओतायचा, लाकडी दांड्यानं ढवळायचा, घट्ट झाला की पानाच्या छोट्या कड्यांमध्ये थापायचा. कढई रिकामी होईपर्यंत आम्ही तिथंच होतो. तिनं आम्हाला गरम गूळ बोटांनी चाटायला दिला, ताडगोळे सोलून दिले, आणि मैत्रिणीनं तिला मोबाइलवर आमच्याकडच्या गुऱ्हाळाचं चित्र दाखवलं. ते चित्र तिनं घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. रस्त्यावरून सहलीच्या बसगाड्या जात होत्या. बंद काचा, ओढलेले पडदे.

क्रमा मी तिथंच घेतला. चौकड्यांचा सुती पंचा. डोक्याला बांधा, घाम पुसा, भिजवून मानेवर टाका, अंघोळीला नेसा, बाळाची झोळी करा. सोलापूरची असल्यामुळे कापड हातात आलं की माझी बोटं आपोआप काठ तपासतात. हा हातमागाचाच होता, सूत थोडं जाडंभरडं, धुतल्यावर मऊ होणारं. २०२४ मध्ये युनेस्कोनं क्रमा विणण्या-वापरण्याच्या परंपरेची नोंद आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. उन्हात फिरायला याहून उपयोगी वस्तू दुसरी नाही.

याच क्रम्याची दुसरी आठवण कंबोडियाच्या राजधानीत आहे. १७ एप्रिल १९७५ रोजी कम्युनिस्ट ख्मेर रूजच्या फौजा नोम पेन्हमध्ये शिरल्या, त्यांच्या गळ्यात लाल चौकड्यांचा क्रमा होता. पुढच्या काही दिवसांत त्यांनी सगळं शहर रिकामं केलं. सुमारे वीस लाख माणसं, त्यात इस्पितळातले रुग्ण, बाळंतिणी, म्हातारे, रस्त्यावर काढून खेड्यांकडे हाकलली. तारीख मी शाळेत कित्येकदा फळ्यावर लिहिली आहे. पण एप्रिल म्हणजे तिथला सर्वात कडक उन्हाळा, हे मला त्या उन्हात उभं राहिल्यावर कळलं. आम्हाला दोन चौक चालणं जड जात होतं, पाठीवर पाणी होतं, पायात चांगले बूट होते. त्या माणसांनी त्याच उन्हात मैलोगणती चालत शहर सोडलं. किती तरी जण वाटेतच गेले. जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट कोसळली, तोवर पंधरा ते वीस लाख माणसं उपासमारीनं, रोगराईनं आणि हत्याकांडात मेलेली होती.

त्याच राजवटीचा, नोम पेन्हमधला तुओल स्लेंगचा छळतुरुंग ही मुळात एक शाळा. तीन मजली इमारती, लांब ओसऱ्या, मध्ये मैदान, चाफ्याची झाडं. वर्गांमध्ये विटांच्या भिंती घालून एकेका माणसापुरत्या कोठड्या केल्या. किमान चौदा हजार माणसं तिथं आणली गेली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच वाचली. एका वर्गात काळा फळा अजून भिंतीवर आहे. दोन शिक्षिकांनी त्या फळ्यासमोर काय बोलावं? आम्ही बाहेर येऊन चाफ्याखालच्या बाकावर बसलो. ती गप्प, मी गप्प. त्या दिवशी आम्ही आणखी काहीही पाहिलं नाही. सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र याच दिवशी राजवाडा, हत्येची मैदानं आणि संध्याकाळी खरेदी असते. तुओल स्लेंगनंतर दोन तासांत माणसाला बाजारात नेऊन सोडणं मला माणुसकीला धरून वाटत नाही.

पिशवीचं थोडक्यात सांगते. विमानात हाताशी ठेवता येतं तेवढं, सात किलोंच्या आतलं सामान पुरतं. सुती कपड्यांचे दोन-तीन जोड, रात्री धुऊन वाळत घालायचे. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तेव्हा आपला पंजाबी ड्रेस उत्तम. जड पेटी घेऊन गेलं की ती ओढायला माणूस लागतो, माणूस लागला की गाडी लागते, आणि मग त्या गाडीच्याच वेळा पाळाव्या लागतात. पैशांसाठी आम्ही एक सामायिक पाकीट ठेवलं. दोघींनी सारखे पैसे घालायचे, खर्च त्यातूनच. डॉलर सर्रास चालतात, सुटे मात्र रिएलमध्ये येतात, साधारण चार हजार रिएलला एक डॉलर. शाकाहारी असाल तर भात आणि नाळीची परतलेली भाजी सगळीकडे मिळते, फक्त माशाचं पाणी घालू नका असं आधी सांगावं लागतं. मी शाकाहारी, मैत्रीण सगळं खाते. कोणाचंच अडलं नाही. नोम पेन्हहून अंगकोरजवळच्या सिएम रीपला बस सहा-सात तास घेते, ती पहाटेची धरावी.

या सगळ्यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, हे तरुणांचं काम आहे. मला उलट वाटतं. तरुण माणूस उन्हाला अंगावर घेतो, पन्नाशीतला माणूस उन्हाचा मान राखतो. उष्ण देशात दुसऱ्याचा निभाव जास्त चांगला लागतो. दुसरा, दोन बायकांनी परक्या देशात जाणं सुरक्षित आहे का. सावध राहावं लागतं. रात्री उशिरा हिंडायचं नाही, पिशवी रस्त्याच्या बाजूला लटकवायची नाही, राहण्याची जागा आधी ठरवायची. पण हे नियम आपण पुण्यात, मुंबईतही पाळतोच. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना रोजची औषधं सांभाळायची आहेत, त्यांना सहल कंपनीचा आधार लागतो. त्यांनी सहलीनंच जावं. माझं सहल कंपन्यांना सांगणं एवढंच आहे की मे महिन्यातल्या कार्यक्रमपत्रिकेत एक बदल करा. पहाटे पाचला बाहेर काढा, दहाला परत आणा, चारनंतर पुन्हा न्या. नाश्त्याचा डबा बांधून द्या, लोक आनंदानं देवळाच्या पायरीवर बसून खातील. दिवसाला तीन ठिकाणांऐवजी एकच दाखवा. आज ज्येष्ठ नागरिकांना भर दुपारी तापलेल्या दगडांवर चालवलं जातं, ते धोक्याचं आहे. आणि उन्हाळे दरवर्षी अधिक कडक होत असताना हे असंच चालू ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांचे पाय चालतात आणि ज्यांना एक तरी जिवाभावाची मैत्रीण किंवा मित्र आहे त्यांनी, पुढच्या सुट्टीसाठी आजच त्या माणसाला फोन करावा. देश कुठलाही निवडा, पण कार्यक्रमाचा कागद लिहायला बसाल तेव्हा सकाळी दहा ते दुपारी चार हा रकाना कोरा सोडा.